सांध्यावरची रेघ

आमच्या डोंगरातल्या दागियान गावात लग्नाला किती माणसं आली हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. एज्रा बोसाइंग अंगणावरून एकदा नजर फिरवायचा, मग उकडलेल्या मांसाच्या ढिगाकडे बघायचा आणि सुरा उचलायचा. शेवटचा पाहुणा आपला वाटा बांबूच्या काडीत ओवून घरी निघाला की फळीवर तुकडा उरलेला नसे आणि रिकाम्या हाताने कुणी गेलेलं नसे. मग माणसं चारशे असोत नाहीतर अकराशे. त्याच्या बापाचा हातही असाच होता, पण बापाच्या फळीवर दोन-चार तुकडे उरायचेच. एज्रा हे बापासमोरही बोलून दाखवायचा, इतका तो आपल्या कामाबद्दल गर्विष्ठ होता.

त्याचे नियम दोनच. हाडातून कापायचं नाही, सांधा शोधून तिथे सुरी घालायची. आणि प्रत्येकाच्या वाट्यात थोडं सगळं आलं पाहिजे, म्हणजे कुणाला नुसती चरबी आणि कुणाला नुसतं काळीज असं होता कामा नये. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हद्दीच्या, भानगडीत तो सापडला तो या दोन नियमांमुळेच.

आमच्या चर्चचा इतिहास कुणी लिहायला बसलं तर त्यात बिशपांची नावं आणि ठरावांचे आकडे येतील. आमच्या म्हाताऱ्यांना तोच इतिहास वाटपांवरून आठवतो. अमेरिकन पाद्री खेचरांवर बसून वर आले तेव्हा सगळ्या बेटांना मिळून एकच बिशप होता. तो आगबोटीने फिरायचा आणि दागियानला सहा वर्षांतून एकदा उगवायचा. त्याच्या स्वागताच्या वाटपाला एक रेडा पुरला. पुढे त्या एकाचे तीन धर्मप्रांत झाले. तेव्हा एज्राचा बाप नुसता बसून बघत राहिला, सुरा एज्राने चालवला आणि नऊ डुकरं लागली. आता डोंगरातला धर्मप्रांतही एका माणसाला झेपेना. पावसात रस्ता खचला की बिशप वॉलेस तुमापांग एका दरीत अडकून पडायचे, आणि पलीकडच्या दरीतली पोरं दृढीकरणासाठी शिवलेले नवे कपडे घालून चार-चार दिवस चर्चच्या पायरीवर बसायची. तेव्हा धर्मप्रांताच्या सभेने ठरवलं, दोन करायचे. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा.

ठरवणं सोपं होतं. हद्द आखायला नेमलेल्या समितीचे सात सभासद दोन वर्षं भांडले. प्रत्येकाला दवाखाना आपल्याकडे हवा होता, शाळा आपल्याकडे हवी होती आणि खचणारा रस्ता दुसऱ्याकडे. शेवटी दागियानच्या पादींनी, आम्ही धर्मगुरूला पादी म्हणतो, त्या क्लेमेंट सागायोंनी वैतागून म्हटलं, "वाटणीच करायची आहे ना? मग ज्याला वाटणी येते त्याला बोलवा की."

अशा रीतीने एज्रा शहरात गेला. निघण्याच्या घाईत चष्मा डुकराच्या गोठ्याच्या भिंतीवर राहिला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. डुकराचा सांधा चष्म्याने थोडाच सापडतो, तो बोटांना सापडतो.

बिशपांच्या जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा अंथरला होता. एज्राला त्यावरचं एक अक्षर दिसलं नाही. त्याला दिसली सोललेली पाठ. मधोमध कण्यासारखी धार, दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे डोंगर, आणि त्यांच्यामधून उतरत गेलेली पाण्याची निळी रेघ. त्याने अंगठा वरून खाली फिरवला, मान वाकडी करून पुन्हा एकदा फिरवला. मग लाल पेन्सिल मागितली आणि उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एका दमात रेघ ओढली. इकडे एक दवाखाना आला, तिकडे एक. इकडे शाळा, तिकडे बाजाराचं गाव. खचणारा रस्ता दोघांनाही सारखाच आला. सात सभासदांनी तोंडात बोटं घातली आणि मग टाळ्या वाजवल्या. धर्मप्रांताचे वकील रेनाल्दो दुमाल यांनी ती रेघ शब्दांत उतरवली, सभेने ते शब्द दोनदा मंजूर केले, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून दोन धर्मप्रांत सुरू होतील असं जाहीर झालं. एज्रा महिनाभर छाती काढून चालत होता.

ऑगस्टमध्ये छापील नकाशा आला आणि पादी क्लेमेंटनी तो चर्चच्या दारात लावला. तो पहिल्यांदा वाचला यूनिसने. यूनिस ही एज्राच्या मेलेल्या बायकोची धाकटी बहीण, सहासष्ट वर्षांची. तिची जीभ अजून विशीत होती.

"मानोंग, अभिनंदन," ती म्हणाली. गावात थोरल्या भावाला मानोंग म्हणतात, पण यूनिसच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा वाजू शकत असे. "तुम्ही पूर्वेचे झालात. मी पश्चिमेची."

"काय बडबडतेस?"

"बडबडत नाही, वाचते आहे. मी वाचताना चष्मा लावते. काही लोक लावत नाहीत."

एज्राने तिच्याच नाकावरचा चष्मा काढून डोळ्यांना लावला. निळ्या रेघेच्या एका बाजूला बारीक क्रूस होता आणि शेजारी लिहिलं होतं, दागियान चर्च. दुसऱ्या बाजूला तशाच बारीक अक्षरात लिहिलं होतं, दागियान दफनभूमी. दोन्हींच्या मधून वाहत होता गावचा ओढा, ज्यावरचा लाकडी पूल तो रोज दोनदा ओलांडायचा. त्याने आपलंच गाव कापलं होतं. चर्च आणि सत्तावीस घरं पूर्वेला, दफनभूमी आणि अकरा घरं पश्चिमेला.

"आणि ताईसुद्धा माझ्या बाजूला आली," यूनिस म्हणाली. "तसं बरंच झालं म्हणा. एकेचाळीस वर्षं तुमच्याकडे होती. आता थोडे दिवस माहेरी."

एज्राने चष्मा परत केला आणि चर्चच्या पायऱ्या उतरला. यूनिसला वाटलं तो चिडेल, उलट काहीतरी टोमणा मारेल. तो तसाच गेला म्हटल्यावर तिचंही तोंड उतरलं.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. क्रुसावर ब्लांच लिहिलं आहे, अमेरिकन बाईने बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव, पण गावात ती दावेयच होती. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "मी पुढे जाऊन जागा धरते. बाजाराच्या जीपनी गाडीत धरते तशी."

"धर," एज्रा म्हणाला होता. "माझी तुझ्या शेजारची."

"खिडकीची मी घेणार."

त्यांना मूलबाळ नव्हतं. एज्राला आयुष्यात आता एवढंच हवं होतं, की एक दिवस आपल्या चर्चच्या दारातून आपल्या माणसांच्या खांद्यावरून निघावं, पूल ओलांडावा, आणि आपल्याच पादीने शेवटची प्रार्थना म्हणून त्या धरलेल्या जागेत ठेवावं. नव्या वर्षापासून हे चालणार नव्हतं. एका धर्मप्रांताच्या पादीला दुसऱ्यात जाऊन प्रार्थना घ्यायची तर तिथल्या बिशपचं पत्र लागतं. दफनभूमी आता दोन तासांच्या वाटेवरच्या काबातान चर्चकडे जाणार होती. तिथे कुणाला कुठे पुरायचं हे तिथले लोक ठरवणार. आणि हे सगळं ज्याने केलं तो आपणच, हे त्याला गिळवत नव्हतं. चाळीस वर्षांत कधी न झालेली चूक झाली होती आणि ती नेमकी घरच्या माणसावर झाली होती.

गावाने त्याला सोडलं नाही. पुलावर भेटला की लोक पासपोर्ट मागायचे. पश्चिमेच्या अकरा घरांतल्या बायका पाणी भरताना विचारायच्या, "लाकाय, आम्ही उद्या अंडी घेऊन तिकडे आलो तर चालेल ना, की बिशपना विचारावं लागेल?" म्हाताऱ्याला मानाने लाकाय म्हणतात, तेवढा मान त्यांनी शिल्लक ठेवला होता.

शेवटी पादी क्लेमेंट त्याला घेऊन पुन्हा शहरात गेले. या वेळी एज्राने चष्मा दोरीने गळ्यात बांधला होता.

बिशप तुमापांगांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकिलांकडे बघितलं. वकील दुमाल किनाऱ्याकडच्या गावातले, इस्त्रीचा शर्ट घालणारे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी फाइल उघडली.

"रेघ हलवता येणार नाही, लाकाय. सभेने दोनदा मंजूर केली आहे. आता पुढची सभा तीन वर्षांनी."

"तीन वर्षांत मी असेन की नाही कुणाला ठाऊक."

"तू आम्हा सगळ्यांना पुरून उरशील," बिशप म्हणाले.

"पुरणार कुठे, हाच तर प्रश्न आहे, अपो बिशप."

मोठ्या माणसाला आमच्याकडे अपो म्हणतात. बिशपांना हसू आलं, पण वकिलांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. "'हद्द दागियान ओढ्याच्या वाहत्या पाण्याच्या मधून जाईल.' हे शब्द आहेत. यातला एकही शब्द मला बदलता येत नाही, बिशपसाहेबांनाही येत नाही."

एज्राने कागद मागून घेतला आणि चष्म्यातून सावकाश दोनदा वाचला.

"शब्द नकोच बदलायला," तो म्हणाला. "चांगले आहेत. ओढ्याचं काय?"

"ओढ्याचं काय म्हणजे?"

"ओढा हलवू नये असं लिहिलंय का कुठे?"

वकिलांनी पानं पुढे उलटली, मग मागे उलटली. बिशपांना अचानक खोकला लागला आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"ओढा कोण हलवतो?" वकील म्हणाले.

पादी आणि एज्राने एकमेकांकडे बघितलं. मग पादींनी अगदी नम्रपणे सांगितलं, "अपो वकील, आमच्याकडे लोकांनी डोंगराच्या पायऱ्या करून त्यात भात लावलाय. पाणी कुठे न्यायचं, एवढंच तर आम्हाला येतं."

परतीच्या जीपनीत एज्रा टपावर बसला, तांदळाच्या पोत्यांवर, सत्तरीच्या माणसाने बसू नये तिथे. वारा तोंडावर घेत तो मनातल्या मनात डोंगर उतरत होता. ओढा नेहमीच आजच्या जागी नव्हता. त्याच्या आजोबांच्या काळी तो दफनभूमीच्या आणि त्या अकरा घरांच्याही पलीकडून, कड्याच्या अगदी पायथ्याने वाहायचा. एका मोठ्या वादळात दरड आली आणि पाण्याने रस्ता बदलला. जुनी वाट अजून होती. वरची दरड फोडली आणि वाटेतले बांध उघडले की पाणी आपल्या जुन्या घरी जाणार होतं. दफनभूमीच्या खाली ते पुन्हा आजच्या ओढ्याला मिळत असल्यामुळे खालच्या कुणाच्या शेताचं थेंबभर नुकसान नव्हतं. नुकसान एकाच खाचराचं होतं. ओढा हटल्यावर त्या गाळावर दावेयच्या बापाने बांध घालून खाचर केलं होतं, गावातलं सगळ्यात चांगलं, आणि लग्नात ते दावेयला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दापायच्या, म्हणजे गावच्या बैठकीच्या पाराच्या, दगडांवर गावचे म्हातारे जमले. नेहमीप्रमाणे आधी हवेबद्दल बोलले, मग डुकरांबद्दल, आणि मग ओढ्याबद्दल. पूर्वेच्या लोकांची ना नव्हती. पश्चिमेच्या अकरा घरांची तर मुळीच नव्हती, त्यांना पाणी परसातून मिळणार होतं. पाटाची दुरुस्ती कुणी करायची, पूल ठेवायचा की लाकूड काढून घ्यायचं, यावर थोडी वादावादी झाली. मग सगळ्यांत थोरल्याने विचारलं, "आणि खाचर?"

"खाचर मी सोडतो," एज्रा म्हणाला.

"तुझं आहे का सोडायला?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे मूल नसलेल्या बाईची जमीन नवऱ्यामागे तिच्या माहेरी परत जाते. एज्राचे डोळे मिटेपर्यंत ते खाचर त्याचं होतं, त्यानंतर यूनिसचं. सगळ्यांच्या माना वळल्या. बायका दापायच्या दगडांवर बसत नाहीत, म्हणून यूनिस कडेच्या भिंतीला टेकून उभी होती आणि तिथूनच सगळं चालवत होती. पण आत्ता तिने भिंत सोडली, पाटी उचलली आणि निघून गेली.

एज्राने तिला खाचराच्या बांधावर गाठलं. कापणी होऊन दोन महिने झाले होते, उरलेल्या बुडख्यांमध्ये पाणी चमकत होतं. ती पाय पाण्यात सोडून बसली होती. तो थोडं अंतर ठेवून बसला.

"हे माझं होणार होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी मनात इथे बदकंसुद्धा सोडली होती. चौदा."

"तू नाही म्हणालीस तर विषय इथेच संपला, यूनिस. मी पुन्हा काढणार नाही."

"ते तर तुम्ही कराल. तोंड बंद करून फिराल आणि सगळं गाव मला बोल लावेल." तिने पायाने पाणी ढवळलं. "ताईला ही जागा किती आवडायची, आठवतं? कापणीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही."

"मलासुद्धा नाही. म्हणायची, तू मांस काप."

यूनिस हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. ते तिने लपवले नाहीत.

"तिला काबातानवाल्यांच्या ताब्यात द्यायचं आणि मी तिचा भात खायचा," ती म्हणाली. "घशाखाली नाही उतरायचा, मानोंग. सोडा पाणी." मग नाक पुसून तिने आवाज नेहमीवर आणला. "पण खोदताना चष्मा लावायचा. नाहीतर माझ्या घरातून न्याल ओढा."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी काम निघालं. दागियानमध्ये असं काम निघालं की कुणाला बोलवावं लागत नाही, घरी राहिलेल्याला मात्र वर्षभर ऐकावं लागतं. दोनशेच्या वर माणसं आली. शहरात नोकरीला असलेले तिघे रजा टाकून आले. पादी क्लेमेंटनी झगा गुडघ्यापर्यंत खोचला, डोक्यावर गुराख्याची रुंद हॅट चढवली, छोटी प्रार्थना म्हटली आणि पहार हातात घेतली. कुणीतरी दगडावर टेपरेकॉर्डर ठेवून घोड्यांवरची आणि दुरावलेल्या प्रेमिकांची अमेरिकन गाणी लावली. ती आम्ही आमचीच समजतो. जुनी माणसं म्हणाली ही कसली गाणी, आणि त्यांनी पितळी थाळ्या आणून आपला ताल धरला. दोन्ही एकदम चालू राहिलं. कुणाला अडचण झाली नाही.

दरड दुपारपर्यंत फुटली. वरचा पाट मोकळा झाला. मग सगळे दावेयच्या खाचरापाशी थांबले, कारण पहिला दगड कुणी काढायचा हे न सांगता ठरलेलं होतं. एज्रा चष्मा सावरत खाली उतरला. सासऱ्याने रचलेल्या बांधात चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि इतका घट्ट की पहार शिरेना. त्याने पहार टाकून दिली आणि बोटांनी चाचपलं. दगडाच्या बांधालाही सांधा असतो. तो सापडला तसा एक दगड सुटला, मग दुसरा, आणि मग यूनिस शेजारी येऊन तिसरा ओढू लागली.

वरून आरोळी आली आणि पाणी सुटलं. ते जुन्या वाटेने खडखडत आलं, खाचरात शिरलं, पसरलं आणि थांबलं. इतक्या वर्षांची सवय, पाण्याला वाटलं लावणीच आली. दोनशे माणसं पाण्याकडे बघत उभी राहिली आणि पाणी स्वस्थ पडून राहिलं.

"ताईचं शेत आहे," यूनिस म्हणाली. "सांगितल्याशिवाय हलणार नाही."

खालच्या बांधाची फट पुरेशी उघडली नव्हती. एज्रा चिखलात मांडीपर्यंत रुतून तिथे गेला, बुडाचा एक चपटा दगड पायाने ढकलला आणि स्वतःच पाण्याबरोबर चार हात खाली वाहून गेला. त्याला काढेपर्यंत ओढा दफनभूमीच्या मागे पोचला होता. सगळ्या गावाला हसू आवरेना. एज्रा चिखलाने माखून बसला होता, चष्म्याची एक काच गेली होती, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता. दावेय गेल्यानंतर तो असा हसलेला कुणी पाहिला नव्हता. पुलाखालच्या आटलेल्या ओढ्याच्या ओल्या रेतीत अडकलेले मासे बायकांनी पाट्या भरभरून गोळा केले आणि संध्याकाळी प्रत्येक घरात तळणीचा वास होता.

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, बिशप तुमापांग सगळ्या डोंगराचे बिशप म्हणून शेवटचे दागियानला आले. बरोबर वकील होते, त्यांच्या काखेत नकाशा होता. पादींनी त्यांना आधी पुलावर नेलं. पुलाखाली रेती, दोन कोंबड्या आणि वाळत घातलेली सोयाबीन होती.

"इथे पाणी असायचं," बिशप म्हणाले.

"असायचं, अपो बिशप," पादी म्हणाले.

वकिलांनी कठड्यावरून वाकून बघितलं. "सरकारी कायद्यात," ते म्हणाले, "पुराने ओढ्याची जागा बदलली तरी हद्द जुन्याच जागी राहते."

"पुराने नाही बदलली," एज्रा म्हणाला. "आम्ही बदलली. पुराने बदलली होती ती आम्ही नीट केली."

"आणि पश्चिमेच्या लोकांची काही तक्रार?" बिशपांनी विचारलं.

"काबातानहून निरोप आलाय," पादी म्हणाले. "त्यांच्याकडे त्यांची मढी पुरेशी आहेत, आमची नकोत."

बिशप वकिलांकडे वळले. "दुमाल, 'वाहत्या पाण्याच्या' हे दोन शब्द कुणी घातले होते?"

"मीच घातले होते."

"फार चांगले घातलेत. आता पाणी कुठे वाहतंय तेवढं बघून घ्या."

वकील दुमालांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले, आणि दफनभूमीपलीकडे जाऊन सरळ नव्या ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आणि बर्फासारखं होतं. मधोमध उभे राहून त्यांनी एका पोराच्या पाठीवर नकाशा टेकवला, लाल पेन्सिल मागितली आणि नवी रेघ ओढली. मग कागदाच्या कडेला वळणदार सही केली, तारीख टाकली आणि तिथूनच विचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

दुपारी चर्चपासून दफनभूमीपर्यंत सगळे चालत गेले. पुढे क्रूस, मागे बिशप, त्यांच्यामागे पादी क्लेमेंट, कुणाचंही पत्र खिशात न ठेवता. प्रत्येक थडग्यापाशी पाइनच्या ढलप्या पेटल्या, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि थाळ्यांचा ताल चर्चच्या अंगणापर्यंत परत आला. अंगणात दोन रेडे आणि सात डुकरं शिजली होती. दोन्ही होणाऱ्या धर्मप्रांतांतून माणसं आली होती. एज्राने अंगणावरून एकदा नजर फिरवली, फळीकडे बघितलं आणि सुरा उचलला. एका काचेचा चष्मा त्याने काढून खिशात ठेवला.

वाटप नेहमीसारखं नावं पुकारून झालं. आधी लांबची गावं, कारण त्यांना चालायचं असतं. नाव ऐकू आलं की त्या घरातलं कुणीतरी "आहे" म्हणायचं आणि काडीत ओवलेला वाटा घेऊन जायचं. काबातान झालं, बिशप झाले. वकील झाले, त्यांनीही "आहे" म्हटलं आणि काडी कशी धरायची ते शेजाऱ्याला विचारलं. मग दागियानची अडतीस घरं झाली, यूनिस झाली. सगळ्यांत शेवटी कापणाऱ्याचा वाटा असतो. तो एज्राने आपल्या काडीत ओवला.

फळीवर एक तुकडा उरला होता.

बघणारे पुढे सरकले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मागच्या बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं, म्हातारा चुकला, आता थकला. तुकडा मानेकडचा होता, मोठा, चरबी आणि मांस दोन्ही असलेला. कामासाठी जमीन देणाऱ्याला आमच्याकडे असाच तुकडा देतात. एज्राने तो काडीत ओवला, सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना पुकारलं होतं त्याच आवाजात पुकारलं.

"दावेय."

अंगणात कुणी हललं नाही. थाळीवाल्यांनीही हात थांबवले. एज्रा काडी पुढे धरून उभा राहिला.

"आहे," यूनिस म्हणाली. ती गर्दीतून पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून काडी घेतली. "इथेच आहे. कुठे जातेय ती."

दोघं आपापले वाटे घेऊन पूल ओलांडून दफनभूमीकडे गेले. दावेयच्या क्रुसापाशी ढलपी अजून जळत होती. यूनिसने बहिणीचा वाटा क्रुसाच्या आडव्या लाकडाला टांगला आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर ऐसपैस बसली.

"ऊठ," एज्रा म्हणाला. "ती माझी जागा आहे. धरलेली."

"बसू द्या हो घटकाभर," यूनिस म्हणाली. "गाडी सुटायला वेळ आहे अजून."